पडणाऱ्या दातासाठी कर्ज



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका कर्जावरून चांगलीच वादावादी झाली. मागणी साडेतीन हजारांची होती. शेळी नाही, शिलाई मशीन नाही, खताची पोती नाहीत. सचिवताईंनी वहीत कारणाच्या रकान्यात ‘मुलीची दाढ’ असं लिहिलं आणि पेन तसंच धरून सगळ्यांकडे बघितलं. मुलगी साडेपाच वर्षांची. डावीकडची खालची शेवटची दाढ किडून पोकळ झालेली, हिरडीवर पुळी, सकाळी उठली की गाल सुजलेला. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की नस साफ करून औषध भरू, वर स्टीलची टोपी बसवू, दाढ वाचेल.

एक जण लगेच म्हणाली, “अगं, दुधाचा दात तो. पडायचाच आहे. पडणाऱ्या दाताला साडेतीन हजार? शंभर-दोनशेत काढून मोकळी हो.” मुलीच्या आजीचंही तेच म्हणणं. मुलीची आई मात्र हटेना. तिच्या थोरल्या मुलाच्या दोन दाढा तो पाच वर्षांचा असताना अशाच काढून टाकल्या होत्या. काढणाऱ्यानं पुढचं काहीच सांगितलं नव्हतं. आता पोरगा तेरा वर्षांचा आहे. त्या जागी यायची पक्की दाढ जागा न मिळाल्यानं आत जिभेच्या बाजूला उगवली आहे, आणि दुसरीकडची तर हिरडीतच अडकून बसली आहे. “एकाचं झालं तेवढं पुरे,” एवढंच ती म्हणाली आणि गप्प बसली.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंना काय उत्तर द्यावं हे आम्हालाच कळेना. आमच्यातल्या एकीनं बीएला इतिहास घेतला होता, म्हणून तिच्याकडे काम आलं. पडणारा दात वाचवावा हे मुळात कुणाच्या डोक्यात आलं, कधी आलं, आणि त्याआधी लोक काय करत होते, हे शोधायचं. आजचं हे बोलणं त्यातूनच तयार झालं आहे.

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू. आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो. जोंधळ्याला लागते तशी कीड. हे नुसतं बोलणं नाही, हजारो वर्षं माणसं खरंच समजत होती की दातात अळी राहते. आजच्या इराकच्या भूमीत, जुन्या बाबिलोनमध्ये, मातीच्या विटेवर लिहिलेली एक कथा सापडली आहे. त्यात अळी देवाकडे राहायला जागा मागते, आणि तिला हवी असते दात आणि हिरडी यांच्यामधली जागा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये ‘कृमिदन्तक’ आहे. कृमी म्हणजे पुन्हा तेच.

आणि मग रिंगणीची धुरी. आमच्या गटातल्या चाळिशीच्या पुढच्या बहुतेक जणींनी ती पाहिली आहे किंवा घेतली आहे. काटेरिंगणीच्या वाळलेल्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, वर नळी धरून धूर दाढेवर घ्यायचा, तोंडातली लाळ पाण्यात सोडायची, की पाण्यात बारीक पांढऱ्या ‘अळ्या’ दिसतात. गंमत अशी की युरोपातही अगदी हेच चालायचं, फक्त बिया खुरासनी ओव्याच्या. खुरासनी ओवा आणि रिंगणी, दोन्ही वांग्याच्याच कुळातल्या. १७५७ साली शेफर नावाच्या एका जर्मन पाद्र्यानं या अळ्यांचा छडा लावला. त्या अळ्या दातातल्या नसून उष्णतेनं फुटलेल्या बियांतले कोंब होते. त्याच्या आधी, १७२८ साली, पॅरिसच्या पिएर फोशार या दंतवैद्यानं दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंही सूक्ष्मदर्शकातून शोध घेतला आणि आपल्याला अळी दिसली नाही असं लिहून ठेवलं.

आमच्या आज्या काही वेड्या नव्हत्या. त्यांना पाण्यात पांढरं काहीतरी दिसत होतं आणि दुखणंही पुष्कळदा थांबत होतं. पण दुखणं का थांबतं ते समजून घ्यायला हवं. कीड खोल गेली की दातातली नस सुजते, तेव्हा ठणका लागतो. पुढे ती नस मरते आणि ठणका आपोआप जातो. घरात सगळे म्हणतात, बरं झालं. प्रत्यक्षात आत मेलेल्या नसेत पू धरायला लागलेला असतो, तो मुळाशी उतरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी हिरडीवर पुळी होऊन बाहेर पडतो. आमच्या या मुलीचंही नेमकं असंच झालं होतं. दिवाळीत रात्र-रात्र रडत होती, मग शांत झाली, म्हणून डॉक्टरकडे जायचं राहून गेलं.

अळी नाही, मग काय? याचं उत्तर मिळायला १८९० साल उजाडलं. मिलर नावाचा अमेरिकन माणूस बर्लिनमध्ये काम करत होता. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत तो शिकला होता. त्यानं काढलेले दात लाळेत ठेवले, त्यात पाव आणि साखर घातली, तर दात झिजून मऊ पडले. मांस घातलं तेव्हा तसं झालं नाही. तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात खातं, असं त्यानं दाखवलं. म्हणजे ‘कीड’ हा शब्द अगदीच खोटा नाही, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिला धुरानं हाकलता येत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट रात्रभर दाढेत अडकून राहिलं की तिचं तिथं जेवण चालू राहतं.

दुधाच्या दातांचा इतिहास मात्र याहून वाईट आहे. मोठ्यांचा दात निदान वाचवावा असं कुणाला वाटत तरी होतं. जर्मनीच्या फाफ नावाच्या राजवैद्यानं १७५६ साली उघड्या पडलेल्या नसेवर सोन्याचा पातळ तुकडा ठेवून ती झाकायची युक्ती लिहिली. सोनं कुणाच्या दातात जाणार ते तुम्हाला माहीतच आहे. लहान मुलांच्या दातांकडे मात्र लोक शत्रू म्हणूनच बघत. सतराव्या शतकात लंडन शहरात दर आठवड्याला मेलेल्यांची यादी छापली जायची. तिच्यात मरणाच्या कारणांमध्ये ‘दात’ हेही एक कारण असायचं. दात येण्याच्या वयात मुलं तापानं, जुलाबानं जायची. आईचं दूध कमी होऊन वरचं पाणी आणि खाणं सुरू होण्याचं हेच वय. दोष मात्र दातावर जायचा. मग वैद्य चाकूनं मुलाची हिरडी चिरून दाताला वाट करून द्यायचे, आणि हा प्रकार शेकडो वर्षं चालला. आपणही अजून म्हणतोच ना, ‘दात येतायत, जुलाब होणारच’? जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी द्या आणि आशाताईंना बोलवा, दातावर सोडून देऊ नका. हे जाता जाता सांगितलं.

आता मुद्द्याकडे येऊ. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरानं कॅनडात माँट्रियल इथं एक भाषण केलं. दातात पू ठेवून वर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्यांवर त्यानं कडक टीका केली. तोंडातली घाण सगळ्या शरीराला आजारी पाडते, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्यही होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की पुढची वीस-तीस वर्षं संशय आला की दात उपटायची लाटच आली. मोठ्यांच्याच दाताला कुणी थारा देईना, तिथं पोरांच्या दुधाच्या दाताची काय कथा!

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला मात्र वेगळंच घडत होतं, आणि आम्हाला या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. न्यूझीलंड हा छोटा देश. पहिल्या महायुद्धासाठी जवान भरती करताना तिथल्या सरकारच्या लक्षात आलं की तरण्याताठ्या पोरांचे दात पार गेलेले आहेत. सैन्याच्या दंतपथकाचा प्रमुख होता थॉमस हंटर. (हा हंटर वेगळा, मघाचा नव्हे.) त्याचं म्हणणं असं, की वीस वर्षांच्या माणसाचे दात दुरुस्त करत बसण्यापेक्षा पाच-सहा वर्षांच्या मुलाचे करा. पण एवढ्या शाळांना पुरतील इतके दंतवैद्य आणायचे कुठून? मग त्यानं १९२१ साली वेलिंग्टनला तरुण मुलींना दोन वर्षांचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत तीसेक जणी होत्या. दंतवैद्यांनी विरोध केला. बायका, त्याही डॉक्टर न झालेल्या, पोरांच्या तोंडात हत्यार घालणार! तरी योजना चालली. या मुलींना ‘शाळेच्या दातांच्या नर्स’ म्हणत. शाळेच्या आवारातच त्यांची खोली असे. किडलेला भाग कोरायचं यंत्र पायानं चालवायचं, आपल्या शिलाई मशीनच्या पायट्यासारखं. एक पाय पायट्यावर, एक हात मुलाच्या गालावर, आणि तोंडानं त्याच्याशी बोलणं चालू, असं काम त्यांनी दशकानुदशकं केलं. पैसे मुलांकडून घ्यायचे नाहीत.

मुलांना त्या खोलीबद्दल फार प्रेम होतं असं समजू नका. तिथल्या पोरांनी तिचं नाव ‘खुनाचं घर’ ठेवलं होतं, आणि आज आजोबा झालेली माणसंही ते नाव विसरलेली नाहीत. पण दात काढण्याऐवजी भरायचे, आणि दुधाचे दातही भरायचे, ही सवय एका अख्ख्या देशाला लागली ती या बायकांमुळे. १९४९ साली मलायात पिनांगला अशाच नर्सचं शिक्षण सुरू झालं, आणि पुढे इतर देशांनीही ते उचललं. त्यांना पगार मात्र कमीच मिळे. १९७४ साली या नर्सनी गणवेशातच संसदेवर मोर्चा काढला तेव्हा कुठे सरकारला जाग आली. अंगणवाडीताई आणि आशाताई हे ऐकत असतील तर त्यांना हसू येईल किंवा रडू येईल, आम्हाला सांगता येत नाही.

आपल्याकडे काय झालं? डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. १९४८ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला, त्यात दंतवैद्य, दातांची स्वच्छता करणारे आणि कवळ्या वगैरे बनवणारे असे तीन वर्ग धरले. शाळेत जाऊन दात भरणारी नर्स त्यात नव्हती. डॉक्टर शहरात, आणि गावाकडे आठवडी बाजारात चिमटा घेऊन बसणारा. असं झालं तर गावात ‘काढून टाक’ हाच एक उपचार उरणार, दुसरं काय होणार?

पण नुसतं भरून भागत नाही. पू झालेल्या दाढेचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्या बैठकीत अडलं होतं ते यावरच. मोठ्या माणसाचा रूट कॅनॉल करताना मुळाच्या नळ्या साफ करून त्यात रबरासारखा टिकाऊ पदार्थ भरतात. दुधाच्या दाढेत तसं करता येत नाही. का? तर दुधाच्या दाताचं मूळ विरघळायचं असतं. खालून पक्का दात वर येऊ लागला की तो दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू खात येतो. म्हणून तर पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ दिसत नाही. शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकण्याआधी नीट बघा कधी. तेव्हा आत भरायचं औषध असं हवं की मुळाबरोबर तेही विरघळेल. त्यासाठी फार वर्षं वापरलेलं औषध म्हणजे जस्ताची पांढरी पूड आणि लवंगेच्या तेलातला अर्क यांचा लगदा. आजी दाढेत लवंग धरायला सांगायची ती उगाच नव्हे. पण आजीची लवंग वरवर ठणका कमी करायची, आतला पू ती काढू शकत नव्हती.

नस वरच्या भागातच खराब झाली असेल तर तेवढीच काढून खालची जिवंत ठेवायची, ही दुसरी पद्धत. अमेरिकेत बकली नावाच्या दंतवैद्यानं १९०४ साली फॉर्मोक्रेसॉल नावाचं औषध आणलं, आणि १९३० साली स्वीट नावाच्या कॅलिफोर्नियाच्या दंतवैद्यानं ते मुलांच्या दातांसाठी वापरून दाखवलं. उपटायची लाट जोरात असताना हा माणूस दुधाचे दात वाचवत होता. १९५० साली हम्फ्री यानं मुलांच्या दाढांवर स्टीलच्या तयार टोप्या बसवायला सुरुवात केली. आज आपल्या पोरांच्या तोंडात चमकते ती हीच. फॉर्मोक्रेसॉल पुढे सत्तर वर्षं चाललं. मग त्यातल्या फॉर्माल्डिहाइडनं कर्करोग होऊ शकतो असं २००४ साली जागतिक संस्थेनं जाहीर केलं आणि डॉक्टर दुसरीकडे वळू लागले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातच तोराबिनेजाद या इराणमध्ये जन्मलेल्या डॉक्टरांनी एक नवं औषध मांडलं होतं. ते घराच्या बांधकामाच्या सिमेंटच्याच जातीचं आहे, फक्त शुद्ध केलेलं. ओल्यात घट्ट होतं, हा त्याचा गुण.

दाढ पू होण्याआधी सापडली तर काम आणखी सोपं. टांझानियात १९८० च्या दशकात वीज नसलेल्या ठिकाणी हातानंच कीड कोरून सिमेंट भरायची पद्धत निघाली, आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी आरोग्य संघटनेनं ती उचलून धरली. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या बाईंनी तर कोरणं आणि सुई दोन्ही टाळून दाढेवर थेट स्टीलची टोपी दाबून बसवायला सुरुवात केली. आत कोंडलेल्या जंतूंना खायला मिळत नाही. आधी लोकांनी नाकं मुरडली, पण २००७ मध्ये तपासणीचे निकाल आले आणि तोंडं बंद झाली. जपानमधून आलेलं चांदीचं औषध नुसतं ब्रशनं लावतात, कीड थांबते, दात मात्र काळा पडतो. २०२१ मध्ये ते आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं. पण या तीनही गोष्टी नस मेलेली नसताना आणि पू झालेला नसतानाच करायच्या. पुळी आली की त्यांचा उपयोग नाही.

एवढं सगळं घेऊन आम्ही पुढच्या बैठकीत बसलो. आमच्या त्या मैत्रिणीनं, जी ‘काढून मोकळी हो’ म्हणाली होती, एकच प्रश्न विचारला. “पडायची कधी ती दाढ?” उत्तर होतं, दहा ते बारा वर्षांची झाल्यावर. म्हणजे अजून पाच-सहा वर्षं. आपल्याला वाटतं दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. ते पुढचे. मागच्या दाढा त्यानंतर चार-पाच वर्षं राहतात. आणि सहाव्या वर्षी काहीही न पडता दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते, ती पक्की असते. तिला आपण दुधाची समजतो आणि किडली तरी सोडून देतो. तिच्या पुढची दुधाची दाढ आधीच काढली असेल तर ती पुढे सरकते आणि जागा खाते. थोरल्या मुलाचं झालं ते यामुळे.

कर्ज मंजूर झालं, दहा हप्त्यांत. विरोध करणारीनं शेवटी सही केली, पण “माझी गाय आजारी पडली तर असाच इतिहास काढू नका म्हणजे झालं” असं म्हणूनच.

सगळं गोडगोड झालं नाही. एक्स-रे काढल्यावर डावी शेवटची दाढ वाचण्याजोगी निघाली. दोन वेळा बसून नळ्या साफ केल्या, औषध भरलं, टोपी बसली. उजवीकडची तिच्या पुढची दाढ मात्र हातातून गेली होती. मुळांच्या मधलं हाडच पोखरलं होतं. ती काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की अशी दाढ ठेवली तर खालच्या पक्क्या दाताला धोका. वाचवायचं म्हणून काहीही वाचवायचं नसतं. मागच्या दाढेला पट्टी बसवून तिथून पुढे तारेचा फास केला आहे, म्हणजे जागा धरून राहील. त्याचे सातशे रुपये जास्त लागले, ते आईनं माहेरून आणले. मुलगी टोपीला ‘माझा चांदीचा दात’ म्हणते आणि शाळेत सगळ्यांना तोंड उघडून दाखवते.

एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी पक्की केली आहे, तुम्हीही करा. पुळी आली की मेडिकलमधून गोळ्या आणून थांबायचं नाही. गोळ्यांनी सूज उतरते, आतला पू तसाच राहतो. आणि गाल डोळ्यापर्यंत किंवा गळ्याखाली सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं, रात्र असली तरी. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा दाताचा पू मेंदूपर्यंत गेल्यानं दगावला. त्याच्या आईकडे दात काढायलाही पैसे नव्हते, आणि तो देश अमेरिका होता.

पैशाचं म्हणाल तर आधी अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाली. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि तपासायच्या आजारांत दातही आहेत. आम्हाला हे माहीत होतं, पण पथक आलं त्या दिवशी आमची ही मुलगी आईबरोबर कांदा लावायला गेली होती. पुढची तारीख आता आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, कर्जांच्या वर.